पॉलिश करूनही महिन्याभरात ओरखडे परत दिसतात? आधी पॅड तपासा, मग बाटली

गाडी पॉलिश होऊन घरी जाते तेव्हा आरशासारखी असते. मग दोन-तीन वेळा धुतली जाते आणि एखाद्या सकाळी कोवळ्या उन्हात बॉनेटकडे नजर जाते, तर कोळ्याचं जाळं पसरावं तशा बारीक गोल रेघा जशाच्या तशा. "महिनापण झाला नाही की ओ," म्हणत गाडीवाला परत रबिंग, म्हणजे मशीननं कंपाऊंड घासून, मारून घेतो. पुन्हा चार आठवडे बरे जातात, पुन्हा जाळी. सोलापुरात अक्कलकोट रोडवरच्या माझ्या पॉलिशिंगच्या छोट्या शेडमध्ये सगळ्यात जास्त तक्रार हीच येते. काळ्या, गडद निळ्या आणि मरून गाड्यांवर जाळी लवकर दिसते. पांढऱ्या गाडीवरही ती असते, फक्त डोळ्यांत भरत नाही.

या एका लक्षणामागे तीन वेगळे आजार असतात आणि तिघांचा इलाज वेगळा आहे. पहिल्यात ओरखडे निघालेलेच नसतात, तेलकट थराखाली झाकलेले असतात. दुसऱ्यात जुने ओरखडे निघतात, पण चुकीचं पॅड (मशीनला लावायची गोल गादी) आणि चुकीचं कंपाऊंड (रंगाचा वरचा थर कापणारी पेस्ट) त्यांच्या जागी नवे पाडून जातं. तिसऱ्यात काम चोख होतं आणि नुकसान घरच्या फडक्यानं होतं. आपल्याकडे तिन्हींवर एकच औषध चालतं, परत रबिंग. त्यानं गाडीचं आयुष्य कमी होतं, म्हणून हे सविस्तर लिहितोय.

ओरखडे परत आले, की गेलेच नव्हते?

हे शोधायला पाच मिनिटं लागतात. आयसोप्रोपिल अल्कोहोल एक भाग आणि डिस्टिल्ड पाणी चार भाग असं मिश्रण स्प्रेच्या बाटलीत भरा. पॉलिश झालेल्या बॉनेटच्या एका कोपऱ्यावर मारा, अर्धा मिनिट थांबा आणि स्वच्छ मायक्रोफायबरनं हलक्या हातानं पुसा. मग टॉर्च तिरकी धरून बघा. सॅनिटायझर वापरू नका, त्यात बऱ्याचदा ग्लिसरीन असतं आणि तेच चमक देऊन फसवतं.

पुसल्याबरोबर रेघा उघड्या पडल्या तर ते फिलरचं काम होतं. ग्लेझ (नुसती चमक देणारं मलम) आणि काही स्वस्त पॉलिशांत तेल आणि भरणी असते, ती रेघेत जाऊन बसते आणि प्रकाश विखुरला जात नाही. शांपूच्या दोन-तीन धुण्यांत ती भरणी निघून जाते. गिऱ्हाइकाला आधी सांगून केलं तर ग्लेझ वाईट नाही. लग्नाच्या वरातीला गाडी चमकवायची असेल तर मीसुद्धा तेच करतो. पण त्याला ओरखडे काढणं म्हणता येत नाही.

पुसल्यावरही पृष्ठभाग स्वच्छ राहिला आणि महिन्यानं जाळी आली, तर दोष धुण्यात आहे. आणि पुसल्यावर गोल जाळीऐवजी उन्हात हलणाऱ्या लाटा किंवा ढगाळ धुकट पट्टे दिसले, तर दोष पॅड-कंपाऊंडच्या जोडीत आहे. बाकीचं बहुतेक लिखाण या शेवटच्या प्रकारावर आहे, कारण तिथंच सगळ्यात जास्त गोंधळ होतो.

दर वेळी रबिंग का नको

कंपनीतून आलेल्या गाडीवर पत्र्यापासून वरपर्यंतचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १५० मायक्रॉन (मिलिमीटरचा हजारावा भाग) भरतात. त्यातला सगळ्यात वरचा पारदर्शक थर, म्हणजे क्लिअर कोट, ३५ ते ५० मायक्रॉनच्या आसपास. वहीचा एक कागदही याहून जाड असतो. ऊन रोखणारे घटक याच क्लिअरमध्ये असतात. हलकं पॉलिश एक-दोन मायक्रॉन नेतं, वूल (लोकरीचं) पॅड आणि जाड कंपाऊंड त्याच्या दुपटी-तिपटीनं नेऊ शकतं. गाडीच्या सगळ्या आयुष्यात मिळून सात-आठ मायक्रॉनच्या पुढे जायचं नाही, असा हिशेब मी ठेवतो.

जुळे सोलापूरच्या एका शिक्षिकाबाईंची काळी सेडान गेल्या वर्षी माझ्याकडे आली. दोन वर्षांत पाच वेळा रबिंग झालेलं होतं, दर वेळी वूल पॅड लावून. रंगाची जाडी मोजणारं थिकनेस गेज लावलं तर छतावर ११६ मायक्रॉन आणि बॉनेटच्या कडेच्या उभारीवर ७४. बाई म्हणाल्या, "दादा, आणखी एकदा करा, या वेळी नीट करा." मी गेजचा आकडा दाखवला आणि त्या उभारीवर कंपाऊंड लावायला नकार दिला. तिथं क्लिअर संपलं असतं तर पुढचा इलाज फक्त बॉनेट रंगवणं हाच होता.

गेज नसेल तर निदान नखाची परीक्षा करा. ओरखड्यावरून नख आडवं फिरवा. नख अडकलं तर तो ओरखडा पॉलिशनं जायचा नाही, त्याच्या मागे लागू नका. कडा, उभाऱ्या आणि दाराच्या कोपऱ्यांवर रंग मुळात पातळ बसतो, तिथं मास्किंग टेप लावूनच मशीन चालवा.

पॅड म्हणजे काय, हे सुताकडून समजतं

माझे वडील यंत्रमागावर होते, टर्किश टॉवेलच्या कारखान्यात. सुताला पीळ किती आणि फास किती उंच, यावर टॉवेल अंगाला मऊ लागणार की खरखरीत, हे ते हात फिरवून सांगायचे. पॉलिशिंग पॅड निवडताना मला तेच उपयोगी पडलं.

वूल पॅडचे दोन प्रकार बाजारात दिसतात. एकात लोकरीच्या धाग्याला घट्ट पीळ असतो, ते पॅड जोरात कापतं. दुसऱ्यात पीळ नसतो, धागे मोकळे आणि मऊ असतात, त्याचा कट (कापण्याची ताकद) कमी आणि फिनिश बरा. दोघांनाही दुकानात 'वूल पॅड' एवढंच म्हणतात. दुकानदारानं दिलं ते घेऊन येणाऱ्याला एकदा गाडी छान निघते आणि पुढच्या वेळी त्याच बाटलीनं होलोग्राम, म्हणजे उन्हात हलणाऱ्या लाटा, पडतात. मग तो बाटलीला दोष देतो. वूलचा एक गुण मात्र मानायला हवा. धाग्यांमधून हवा खेळते, म्हणून फोमच्या मानानं ते कमी तापतं.

मायक्रोफायबर पॅडवर आखूड तंतूंची दाट लव असते. कंपाऊंडचे कण त्या लवेत अडकून राहतात आणि तंतू स्वतःही थोडं कापतात. ड्युअल अॅक्शन मशीनवर, म्हणजे पॅड गोल फिरवता फिरवता थरथरवणाऱ्या आणि आपण ज्याला डीए म्हणतो त्या मशीनवर, वूलच्या जवळपास कट हवा असेल तर हे पॅड चांगलं. पण मऊ क्लिअरवर ते हमखास धुकं सोडतं, म्हणजे त्याच्यानंतर फोमचा दुसरा हात ठरलेलाच. तेवढा वेळ आणि तेवढे पैसे नसतील तर मायक्रोफायबर लावूच नका.

फोमची गोष्ट सरळ आहे. कडक आणि जाळीदार फोम कापतो, मऊ आणि दाट फोम चमक आणतो, मधला दोन्ही थोडं थोडं करतो. एकच पॅड परवडत असेल तर मधलं घ्या.

रंगावर विश्वास ठेवू नका

ही चूक मी स्वतः केली आहे. वर्षानुवर्षं मी लेक कंट्री कंपनीची सपाट फोम पॅड वापरत होतो. त्यांच्यात पिवळं म्हणजे कटिंग, नारिंगी हलकं कटिंग, पांढरं पॉलिशिंग आणि काळं फिनिशिंग. एकदा माल संपला म्हणून रूपेस या दुसऱ्या कंपनीची पॅड आणली. त्यांच्यात निळं कोर्स आणि पिवळं फाइन. मला ठाऊक नव्हतं. पिवळं लावून एका एसयूव्हीचं छत दोन तास घासत बसलो, ओरखडे हलेनात. शेवटी जास्त कापणारं कंपाऊंड घेतलं, दाब वाढवला, आणि छतावर धुकं पसरलं. तो सगळा भाग परत करावा लागला. त्या गाडीवरून जेवढं क्लिअर जायला नको होतं तेवढं गेलं, याची खंत आजही आहे.

पॅडच्या रंगाचा कुठलाही सर्वमान्य नियम नाही. पॅड आलं की त्याच्या मागच्या वेल्क्रोवर मार्करनं लिहा: कट, मध्यम, फिनिश. शेजारी त्यावर कुठलं कंपाऊंड चालतं तेही लिहा. एका पॅडवर एकच कंपाऊंड. जाड कंपाऊंडचे कण फिनिशिंग पॅडमध्ये एकदा गेले की धुऊनही पुरते निघत नाहीत.

बाटलीवरच्या आकड्यांचंही असंच आहे. मेन्झर्ना कंपनीच्या बाटल्यांत आकडा वाढतो तसा कट कमी होतो: ४०० हेवी कट, २५०० मध्यम, ३८०० सुपर फिनिश. मेग्वायर्स कंपनीचं एम १०५ जोरात कापतं आणि एम २०५ फिनिशिंगचं आहे. एका कंपनीचा आकडा दुसरीशी ताडून बघण्यात अर्थ नाही. २०५ हा आकडा ४०० पेक्षा लहान, म्हणून ते जास्त कापणार, असा हिशेब करणारा मुलगा माझ्याच शेडमध्ये होता.

कंपाऊंडमध्ये कापायचं काम बहुधा अॅल्युमिनाचे बारीक कण करतात. काही कंपाऊंडांत हे कण काम करता करता फुटून बारीक होत जातात. तिथं पूर्ण फेऱ्या मारल्या नाहीत तर कण जाडच राहतात आणि रेघा सोडून जातात. काहींत कण शेवटपर्यंत तेवढेच राहतात. तिथं शेवटच्या दोन फेऱ्या मशीनच्या नुसत्या वजनानं, वरून दाब न देता घ्याव्या लागतात. बाटली कुठल्या जातीची आहे हे न बघता सगळ्यांना एकच हात लावला की निकाल दर वेळी वेगळा येतो.

टेस्ट स्पॉट: एका वेळी एकच बदल

गाडी धुवा, रंगात रुतलेले कण ओढून काढणारी मातीसारखी वडी, म्हणजे क्ले बार, फिरवा. ऊस गाळपाच्या दिवसांत कारखान्यांची काजळी, स्टेशनजवळ उभ्या असणाऱ्या गाड्यांवर लोखंडाचे कण, हायवेची धूळ, हे सगळं पृष्ठभागावर असताना मशीन लावलं तर तेच कण पॅडखाली फिरतात. मग बॉनेटवर ४५ सेंटिमीटर लांबी-रुंदीचा चौकोन टेपनं आखा.

सुरुवात मधल्या फोमनं आणि मध्यम पॉलिशनं करा. नव्या पॅडच्या सगळ्या तोंडाला पॉलिशचा पातळ हात द्या, मग तुरीच्या दाण्याएवढे तीन-चार थेंब. डीए मशीन सहापैकी साडेचार-पाचवर. हात सेकंदाला दोन-तीन सेंटिमीटर, याहून भरभर नाही. अर्धा पट्टा आधीच्या पट्ट्यावर यायला हवा. आडवे आणि उभे मिळून चार हात. पुसा, अल्कोहोल मारा, टॉर्च धरा.

दहातल्या आठ-नऊ रेघा गेल्या असतील तर थांबा आणि सगळी गाडी याच जोडीनं करा. गेल्या नसतील तर आधी फक्त पॅड बदला, बाटली तीच ठेवा. कटिंग फोमनंही नाही गेल्या तर मगच कंपाऊंड बदला. बहुतेक जण उलटं करतात. पॅड तेच जुनं, दबलेलं, आणि दर आठवड्याला नवी बाटली. तेच पॉलिश कटिंग पॅडवर आणि फिनिशिंग पॅडवर इतकं वेगळं वागतं की पॅड बदलणं म्हणजे औषध बदलण्यासारखंच आहे, आणि खर्चही बाटलीपेक्षा बराच कमी.

एका गाडीवर एकच उत्तर असतं असंही नाही. गावात डेंटिंग-पेंटिंग झालेलं दार कंपनीच्या रंगापेक्षा मऊ निघतं, कधी त्यावर दुप्पट जाडीचा थर असतो. ताज्या रंगवलेल्या पॅनेलला क्लिअर पुरतं कडक व्हायला काही आठवडे द्या. जर्मन गाड्यांचं क्लिअर बहुधा कडक, जपानी गाड्यांचं बऱ्याचदा मऊ, पण हा नुसता अंदाज आहे, टेस्ट स्पॉटच खरा.

लक्षण बघून उपाय

उन्हात मशीनच्या वाटेनं वळणाऱ्या, आत खोल गेल्यासारख्या दिसणाऱ्या लाटा म्हणजे होलोग्राम. हे रोटरी (न थरथरता नुसतं गोल फिरणारं) मशीन आणि वूल किंवा कडक फोमचं काम. उपाय कंपाऊंड नाही. फिनिशिंग फोम, बारीक पॉलिश आणि डीए मशीन, एवढ्यानं जातात. रोटरीच असेल तर वेग हजाराच्या आसपास आणा, पॅड सपाट ठेवा, कडेवर तिरकं धरू नका.

सगळीकडे सारखं दुधाळ धुकं असेल तर मऊ क्लिअरवर जास्त कट झाला आहे. मऊ फोमवर या. तरी जात नसेल तर पॅड स्वच्छ आहे का बघा, कारण भरलेल्या पॅडवरचा वाळलेला थर वॉटर पेपरसारखा घासतो.

ओरखडे हलतच नसतील तर पॅड फिरतंय का ते आधी बघा. पॅड जिच्यावर चिकटतं त्या बॅकिंग प्लेटच्या कडेवर मार्करनं एक रेघ मारा. काम करताना ती रेघ गरगरताना दिसली पाहिजे. वळणावर किंवा फार दाब दिला तर डीएचं पॅड फिरायचं थांबतं आणि जागच्या जागी नुसतं थरथरतं. त्यात कट जवळजवळ नसतो. हा दोष मी कितीतरी नव्या पोरांत पाहिला आहे, हात दुखेपर्यंत घासतात आणि पॅड जागेवरच असतं. बंपरच्या वळणांना ३ इंची पॅड लावा. बंपर प्लास्टिकचा असतो, उष्णता पत्र्यासारखी पसरत नाही, म्हणून तिथं एका जागी रेंगाळू नका.

पहिल्या दाराला सुंदर निकाल आणि तिसऱ्या दारापर्यंत कमी कमी होत गेला, तर पॅड भरलं आहे. दर चौकोनानंतर नायलॉन ब्रशनं किंवा कंप्रेसरच्या हवेनं पॅड झाडा आणि दोन-तीन पॅनेलनंतर दुसरं लावा. एका गाडीला कटिंगची निदान चार आणि फिनिशिंगची दोन पॅड हवीत. एका पॅडवर सगळी गाडी उरकणं हे या शहरातल्या निम्म्या वाईट कामांचं कारण आहे, असं माझं स्पष्ट मत आहे.

पॅडवर गाडीचा रंग उतरला तर घाबरून मशीन बंद करा आणि विचार करा. जुनी गाडी असेल आणि रंग एकपदरी, म्हणजे वर क्लिअर नसलेला, असेल तर ते होणारच. पण क्लिअर असलेल्या गाडीवर रंग आला तर क्लिअर तिथं संपलं आहे.

सोलापूरचं ऊन आणि पाणी

एप्रिल-मेमध्ये इथं पारा ४० च्या वर असतो. उन्हातून आत आणलेल्या काळ्या बॉनेटवर पाच सेकंद हात ठेववत नसेल तर कुठलंच पॉलिश काम करणार नाही. थेंब पसरायच्या आत वाळतो, पांढरी पूड उडते आणि ती पूड पॅडखाली चरे पाडते. मी उन्हाळ्यात सकाळी सहा ते दहा आणि मग थेट संध्याकाळनंतर काम घेतो. चौकोन लहान करतो, एका वेळी दोन हात कमी मारतो आणि पॅडवर डिस्टिल्ड पाण्याचा एकच बारीक फवारा देतो. जास्त फवारा दिला की कट मरतो. परदेशातल्या व्हिडिओत दाखवलेला सहा-आठ फेऱ्यांचा हिशेब आपल्या कोरड्या हवेत जसाच्या तसा चालत नाही.

नळाला पाणी काही दिवसांआड येतं, म्हणून गाडी बोअरच्या पाण्यानं धुतली जाते. ते पाणी जड. उन्हात वाळलं की क्षारांची पांढरी वर्तुळं राहतात आणि लोक त्यांनाही रबिंग मारतात. आधी पांढरा व्हिनेगर तेवढ्याच पाण्यात मिसळून, सावलीत, थंड पत्र्यावर एक-दोन मिनिटं ठेवून भरपूर पाण्यानं धुवा. बरेचसे डाग तेवढ्यानं जातात. क्लिअरमध्ये खड्डा पडला असेल तरच पॉलिश लागतं. शेवटचं पाणी आरओ किंवा डिस्टिल्ड घेतलं तर डाग पडतच नाहीत. त्या शेवटच्या धुण्याला एक बादलीही पुरे होते.

आता फडक्याबद्दल. सोलापुरी चादर आणि टर्किश टॉवेल दोघांनाही भौगोलिक मानांकन आहे आणि आमच्या घरानं त्यावर दोन पिढ्या खाल्ल्या, त्यामुळे हे मी मनापासून सांगतो: तो टॉवेल अंग पुसायला घ्या, गाडीच्या रंगाला नको. सुती फासांत काळ्या मातीची धूळ अडकून बसते, कडेची शिवण कडक असते आणि जड पाण्यानं वारंवार धुतलेलं सूत ताठ होतं. रोज सकाळी कोरड्या टॉवेलनं बॉनेट झटकणाऱ्याच्या गाडीवर कितीही चांगलं पॉलिश करा, महिन्यात जाळी येणारच. कोरडं पुसणं बंद करा. दोन बादल्या ठेवा, एकीत शांपू, दुसरीत हातमोजा खंगाळायला साधं पाणी. पुसायला बिनशिवणीच्या कडांचं मायक्रोफायबर. वॉशिंग सेंटरवाल्याला स्वतःचा हातमोजा आणि फडकं नेऊन द्या, तो नाराज होत नाही.

शिक्षिकाबाईंच्या सेडानला मी उभाऱ्यांवर टेप लावला, बाकी बॉनेटवर फिनिशिंग फोम आणि बारीक पॉलिशचा एकच हात दिला. होलोग्राम गेले. खोल ओरखडे तसेच ठेवले आणि कुठले का ठेवले ते टॉर्चखाली त्यांना दाखवलं. वर रंगाचं रक्षण करणारं सीलंट लावलं. आठ महिन्यांनी त्या गाडी दाखवायला आल्या तेव्हा मी अल्कोहोल मारून बघितलं. ठेवलेले ओरखडे तेवढेच होते, नवी जाळी नव्हती. उभारीवर गेजनं ७४ च दाखवलं.